फाळक्यांचं बघण्याचं वर्ष

‘राजा हरिश्चंद्र’ कुणी काढला, तारामतीचं काम कोणत्या पुरुषाने केलं, पहिला जाहीर खेळ कुठे झाला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगता येतं. त्याच्या आधीचं एक वर्ष मात्र चरित्रकार दोन-तीन परिच्छेदांत उरकतात. त्या वर्षात धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या चाळिशीतल्या गृहस्थांनी मुंबईत मुख्यतः एकच उद्योग केला. त्यांनी सिनेमे बघितले. छापखान्यातल्या भागीदारांशी बिनसलं होतं, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स सुटलं होतं, घरात बायको आणि लहान मुलं होती, आणि घरधनी रोज संध्याकाळी पडद्यासमोर जाऊन बसत होता. मित्रांनी वेड्यात काढलं यात नवल नाही.

हे वर्ष पुन्हा उभं करायचं तर हाताशी काय आहे? रोजनिशी नाही, तिकिटांचे तुकडे नाहीत, पाहिलेल्या पटांची यादी नाही. आहेत त्या चार-पाच वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी. पहिली म्हणजे फाळक्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात नोव्हेंबर १९१७ पासून लिहिलेली ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला. दुसरी म्हणजे सरस्वतीबाई फाळक्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलेली त्या पहिल्या संध्याकाळची आठवण. मग १९१३ सालच्या वर्तमानपत्री जाहिराती. मग काही कोरड्या तारखा आणि आकडे: बोटीवर कधी चढले, परत कधी आले, विमा केवढ्याला गहाण पडला. आणि शेवटी फाळक्यांच्या पटांचे उरलेसुरले तुकडे. यातला एकही कागद त्या वर्षी लिहिलेला नाही. त्या वर्षाबद्दल बोलणारा जवळात जवळचा साक्षीदार सुद्धा सहा-सात वर्षांनी बोलतो आहे.

आणि तो का बोलतो आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९१७ च्या अखेरीस फाळके भांडवलाच्या शोधात होते. १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, ती ‘नवयुग’मधले लेख चालू असतानाच. या धंद्याचा पाया मी घातला, हे वाचकांना आणि पैसेवाल्यांना पटवून देण्याची त्यांना गरज होती. एका संध्याकाळी साक्षात्कार झाला आणि आयुष्य पालटलं, ही गोष्ट त्या गरजेला फार सोयीची आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिच्यातले बारकावे एकेक करून तपासावे लागतात.

सुरुवात तारखेपासून करू. ‘नवयुग’मध्ये फाळके लिहितात की १९१० साली मुंबईतल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा पट पाहिला, आणि तो दिवस नाताळातल्या शनिवारचा होता. याआधीही मित्रमंडळींबरोबर, घरच्यांबरोबर अनेकदा सिनेमे पाहिले असल्याचं ते त्याच दमात सांगून टाकतात, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण. उलट आज सर्रास सांगितली जाणारी कथा अशी: १४ एप्रिल १९११ ला फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्राला घेऊन गिरगावातल्या याच थिएटरात प्राण्यांचा एक पट बघून आले. पोराने घरी येऊन आईला पडद्यावरच्या जनावरांच्या गोष्टी सांगितल्या, कुणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब नेलं. तर ईस्टर असल्यामुळे पडद्यावर प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्त.

पंचांग उघडलं की गंमत होते. १९१० चा नाताळ रविवारी आला होता, म्हणजे ‘नाताळातला शनिवार’ हा २४ डिसेंबर. १९११ चा ईस्टर १६ एप्रिलला. त्यामुळे १४ एप्रिल हा गुड फ्रायडे, आणि कुटुंबासह गेले तो १५ एप्रिल हाही शनिवारच! कथेत ‘ईस्टर होता म्हणून’ असं येतं ते म्हणजे सुटीच्या दिवसांत म्हणून, एवढाच अर्थ घ्यायचा. फाळक्यांच्या मनात शनिवार पक्का बसलेला होता, आणि दोन्ही तारखा शनिवारला चपखल बसतात. वार जुळवून निकाल लागत नाही.

मग पारडं कुठे झुकतं? एप्रिलच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. ख्रिस्ताच्या छळाचे आणि क्रुसाचे पट लेंट-ईस्टरच्या दिवसांत लागत, त्या सणाचा तो विषयच. शिवाय १४ एप्रिल ही इतकी नेमकी तारीख कुणाच्या आठवणीतून येत नाही. ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून आलेली असणार, असा माझा तर्क आहे. पण जाहिरात थिएटरात कोणता पट लागला होता एवढंच सांगते, प्रेक्षकांत कोण बसलं होतं ते सांगत नाही. ख्रिस्तचरित्राचे पट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत. डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा, यात अशक्य काही नाही. डिसेंबरच्या बाजूने मात्र फाळक्यांचे स्वतःचे तीन तपशील आहेत: साल १९१०, सण नाताळ, वार शनिवार. हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत. ख्रिस्ताचा पट म्हणून नाताळ आठवला असं म्हटलं तर सालही चुकलं असं मानावं लागतं, आणि वार तेवढा बरोबर राहिला असंही. मला त्यापेक्षा फाळक्यांवर विश्वास ठेवणं सोपं वाटतं. मुलाला दाखवलेला जनावरांचा पट ही वेगळी, मागची-पुढची एखादी संध्याकाळ असेल, आणि सांगता-सांगता दोन संध्याकाळी एक झाल्या असतील. घरोघरच्या आठवणींत हे होतं.

सरस्वतीबाईंची साक्षही नाताळच्या बाजूची आहे, पण तिला वेगळा साक्षीदार म्हणून मोजताना जरा हात आखडता घ्यावा. नवऱ्याने छापलेली हकीकत घरात शेकडो वेळा बोलली गेली असणार. सण त्यांना स्वतःला आठवला की छापलेल्या लेखातून, हे सांगता येणार नाही. त्यांच्या आठवणीचं खरं मोल दुसरीकडे आहे. फाळके पडद्यावर काय पाहिलं आणि मनात काय उठलं ते सांगतात. सरस्वतीबाई सगळा तंबू दाखवतात, कारण हे ‘पॅलेस’ म्हणजे एक तंबूच होता.

त्या सांगतात की बाहेर बँड वाजत होता. तिकिटं दोन आण्यांपासून आठ आण्यांपर्यंत. नाताळामुळे ख्रिस्ती आणि युरोपियन मंडळींची दाटी. दिवे गेले आणि पडद्यावर एक कोंबडा हलताना दिसला. ही पाथे कंपनीची निशाणी. मग ‘फूल्सहेड’ नावाच्या विदूषकाचा एक विनोदी पट. प्रत्येक भाग संपला की दिवे लागत आणि मंचावर जादूचे नाहीतर कसरतीचे प्रयोग होत. मुख्य पट ख्रिस्ताचा. त्याचे हाल आणि क्रूस पाहून लोक रडत होते. पट रंगीत होता, आणि तो किनेमाकलर पद्धतीचा होता असं त्या म्हणतात. परतताना फाळके म्हणाले की आपण असेच राम-कृष्णाचे पट काढू. सरस्वतीबाईंना हे ऐकून मुळीच आनंद झाला नाही. त्या गप्प बसल्या.

या आठवणीतल्या एकेका तपशिलाला बाहेरून आधार शोधता येतो. ‘फूल्सहेड’ म्हणजे आंद्रे दीद हा फ्रेंच नट. आधी तो पाथेकडे ‘ब्वारो’ नावाने कामं करी. १९०९ मध्ये तुरीनच्या इताला कंपनीत गेला आणि तिथे ‘क्रेतिनेत्ती’ झाला. इंग्रजी मुलखात त्याच पटांवर ‘फूल्सहेड’ हे नाव चढलं. म्हणजे ही संध्याकाळ १९०९ च्या आधीची असू शकत नाही, आणि नावासकट तो विदूषक आठवणं ही गोष्ट मागाहून कुठल्या लेखात वाचून येणारी नव्हे. ती पाहिलेल्याचीच आठवण आहे.

मंचावरच्या कसरतींनाही पुरावा आहे, तोही फाळक्यांच्याच घरचा. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हाच्या जाहिरातीत हरिश्चंद्राबरोबर मिस आयरीन डेलमार यांचं नृत्य, मॅकक्लेमेंट्स यांचं विनोदी स्केच आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांड्रॉफ यांचीही नावं आहेत. सत्यवचनी राजाच्या राज्यत्यागाशेजारी पायांचा बाजीगर! आज वाचताना हसू येतं, पण त्या काळचा ‘खेळ’ असाच असे, आणि सरस्वतीबाई तो जसा सांगतात तसाच.

रंगाच्या बाबतीत मात्र त्यांची चूक होते आहे. किनेमाकलरला स्वतःचं वेगळं यंत्र लागे, लाल-हिरव्या काचांचं फिरतं चक्र असलेलं. त्याचे जाहीर खेळ लंडनमध्ये १९०९ साली सुरू झाले, आणि हिंदुस्थानात त्या नावाचा गवगवा झाला तो दिल्ली दरबारामुळे, म्हणजे डिसेंबर १९११ नंतर. गिरगावच्या तंबूत त्यांनी पाहिलेले रंग बहुधा पाथेच्या स्टेन्सिलचे. पॅरिसच्या कारखान्यात बायका प्रत्येक रंगाचा वेगळा साचा कापत आणि फिल्मवर रंग चढवत. १९०७ चा पाथेचा ख्रिस्तचरित्राचा पट अशा रंगवलेल्या प्रतींतून जगभर गेला होता. पुढे कधीतरी ऐकलेलं ‘किनेमाकलर’ हे नाव त्या आठवणीला येऊन चिकटलं असावं.

यावरून आणखी एक गुंता सुटायला मदत होते. फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्त नेमका कुणाचा? अलीकडे बऱ्याच ठिकाणी आलीस गी या बाईंनी गोमाँ कंपनीसाठी १९०६ मध्ये काढलेल्या पटाचं नाव दिलं जातं. ‘भारतीय सिनेमाच्या जनकाला एका स्त्री दिग्दर्शिकेने प्रेरणा दिली’ हे वाक्य लिहायला मोठं गोड आहे, त्यामुळे ते पसरलं. पण सरस्वतीबाईंच्या कोंबड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अर्थात कोंबडा हाही अंतिम पुरावा नव्हे: त्याच कार्यक्रमात इतालाचा विदूषक होता, म्हणजे पट निरनिराळ्या कंपन्यांचे होते, आणि कोंबडा आधीच्या एखाद्या छोट्या पाथे-पटाचा असू शकतो. कोंबडा आणि रंग ही दोन्ही बोटं मात्र पाथेकडे दाखवतात. गोमाँकडे दाखवणारं बोट या आठवणीत नाही.

फाळक्यांच्या हकिकतीत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एक क्षुल्लक, खिशातून पैसे जाणारी गोष्ट. पट संपल्यावर त्यांनी पुन्हा तिकीट काढलं आणि तोच पट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेला डोळ्यांसमोर ख्रिस्त आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या, असं ते लिहितात. दुसऱ्या खेपेला ती मनातली चित्रं पडद्यावर दिसू लागली. मनातल्या चित्रांची शहानिशा कुठला इतिहासकार करणार? दुसरं तिकीट मात्र एका स्वभावाशी जुळतं. हा माणूस जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकला, पुराणवस्तू खात्यात आराखडे काढले, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी ब्लॉक केले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहायला जर्मनीला जाऊन आला. आणि ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोगही करायचा. जादूगार दुसऱ्याची जादू पहिल्यांदा पाहतो तेव्हा प्रेक्षक असतो. दुसऱ्यांदा पाहतो तो हात कुठे गेला ते बघायला.

इथून पुढचं वर्ष कागदोपत्री विरळ होत जातं. फाळके लिहितात की पुढचे दोन महिने मुंबईतल्या निरनिराळ्या थिएटरांत लागलेले सगळे पट पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांचं पृथक्करण करायचं, आणि हे इथे जमेल का याचा विचार करायचा, हा उद्योग. चरित्रांमध्ये रोज चार-पाच तास हा आकडा येतो. तो थोडा घासून बघू.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी. सेकंदाला साधारण सोळा चौकटी या तेव्हाच्या वेगाने हजार फुटांचं एक रीळ सतरा मिनिटांच्या आत संपतं. सात-आठ छोटे पट, मध्ये दिवे, मध्ये कसरती, असा एक खेळ तास-दीड तासाचा. म्हणजे चार-पाच तास बसायचं तर एका संध्याकाळी तीन खेळ. मुंबईत सिनेमा दाखवणारी ठिकाणं तेव्हा मोजकीच, आणि कार्यक्रम बदले तो आठवड्याने, फार तर आठवड्यातून दोनदा. चार-पाच तासांचा आकडा खरा असेल, तर रोज नवा पट बघायला मिळणं शक्यच नव्हतं. फाळके तेच ते पट पुन्हा पुन्हा बघत असले पाहिजेत. दुसरं तिकीट हा मग त्या एका रात्रीचा झटका राहत नाही, वर्षभराची पद्धतच ठरते. आणि पृथक्करण करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: गोष्ट माहीत झाल्यावर डोळा मोकळा होतो आणि कापलं कुठे, जोडलं कुठे, माणूस नाहीसा झाला तेव्हा मागच्या पडद्याची घडी हलली का, हे दिसू लागतं.

खर्चही बघू. सरस्वतीबाईंचे दर धरले आणि सगळ्यात स्वस्त दोन आण्यांचीच जागा घेतली, तरी रोज तीन खेळ म्हणजे महिन्याला सव्वाअकरा रुपये. कमाई थांबलेल्या घरातून हे पैसे जात होते. घरातलं सामानसुमान विकलं जायला पुढे सुरुवात झाली त्याचं मूळ इथे, कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी, तिकिटांच्या खिडकीवर आहे.

बघणं फक्त थिएटरात चालत नव्हतं. त्यांनी युरोपातून सूचिपत्रकं, पुस्तकं आणि बारीकसारीक सामान मागवलं. एक छोटं यंत्र आणि काही रिळं मिळवली, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडावर भिंग धरून भिंतीवर चित्रं पाडायला सुरुवात केली. लंडनहून निघणाऱ्या ‘बायोस्कोप’ या धंद्याच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार झाले. हे साप्ताहिक १९०८ पासून निघत होतं आणि ते प्रेक्षकांसाठी नव्हतं. थिएटरवाले, पट भाड्याने देणारे आणि यंत्रं विकणारे यांच्यासाठी होतं. नव्या पटांची लांबी फुटांत, यंत्रांच्या जाहिराती, धंद्यातली भांडणं. गिरगावात संध्याकाळी पडद्यावर जे दिसे त्याचा हिशेब या अंकांत वाचायला मिळे. माझ्या मते फाळक्यांच्या त्या वर्षाचं निम्मं बघणं हे वाचणं होतं, आणि ते कुठल्याच चित्रपटात दाखवता येत नसल्यामुळे गोष्टीतून गळतं.

झोप तीन तासांवर आली, असं फाळके लिहितात. दिवसा विचार आणि पत्रव्यवहार, संध्याकाळी खेळ, रात्री मेणबत्ती. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. दृष्टी जवळजवळ गेली, आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी, तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आली. या एका मुद्द्यावर मागाहूनच्या चरित्रांपेक्षा फाळक्यांचं म्हणणं प्रमाण मानावं. चरित्रांत ‘दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू’ असं येतं. पण मोतीबिंदू काही महिन्यांच्या जागरणाने होत नाही, आणि झालाच तर तो चष्म्यांनी जात नाही. त्याला तेव्हाही शस्त्रक्रियाच लागे. जे घडलं ते अतिश्रमाने डोळे कामातून गेले आणि विश्रांती व भिंगांनी सावरले, एवढंच दिसतं. मोतीबिंदू हा शब्द गोष्टीला जड करण्यासाठी नंतर कुणीतरी घातला असावा. त्या काळच्या पडद्याची थरथर ज्याला ठाऊक आहे, त्याला डोळे जायला मोतीबिंदूची गरज वाटणार नाही.

या दुखण्याचा उपयोग तारीख ठरवायलाही होतो. शेवटची तारीख पक्की आहे: १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके लंडनच्या बोटीवर चढले. एप्रिल १९११ पासून मोजलं तर बघण्याचं वर्ष एकेचाळीस आठवड्यांचं भरतं. डिसेंबर १९१० पासून मोजलं तर सत्तावन्न. यात दोन महिने सगळी थिएटरं पालथी घालणं, युरोपातून सामान मागवून ते समुद्रमार्गे येईपर्यंत थांबणं, रात्रीचे प्रयोग, आंधळेपण, उपचार, आणि मग पैशांची जुळवाजुळव, एवढं सगळं बसवायचं आहे. एकेचाळीस आठवड्यांत ते बसतं, पण कोंबून. सत्तावन्नमध्ये सैल बसतं. हा निर्णायक पुरावा नाही, पण नाताळचं पारडं त्याने आणखी थोडं खाली जातं.

पैशांचे आकडे सरळ आहेत. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे राहिले. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांची त्यात मदत झाली. वाटाण्याचं रोप उगवतानाचा ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट नाडकर्ण्यांना दाखवला म्हणून पैसे मिळाले, असंही सांगतात. पण काही पुस्तकं तो पट लंडनच्या आधी घालतात, काही नंतर. एका कुंडीसमोर महिनाभर रोज ठरावीक वेळी एकेक चौकट टिपत राहायचं तर भरवशाचा कॅमेरा हवा, आणि तसा कॅमेरा लंडनहूनच आला. मी तो नंतरच घालीन.

लंडनचा मुक्कामही तारखांनी आवरून घ्यावा लागतो. ‘दोन महिने लंडनमध्ये राहिले’ हे वाक्य ठिकठिकाणी आहे. १ फेब्रुवारीला मुंबई सोडली आणि १ एप्रिल १९१२ ला मुंबईत परतले, म्हणजे जाऊन येऊन साठ दिवस. जलद टपालाच्या मार्गानेही एका वेळचा प्रवास किमान दोन आठवड्यांचा. लंडनच्या वाट्याला फार तर महिना उरतो. एवढ्यात पिकॅडिलीजवळ ‘बायोस्कोप’ची पाटी दिसणं, वर्गणीदार म्हणून आत शिरणं, संपादक कॅबोर्न यांनी आधी या भानगडीत पडू नका म्हणून परतवू पाहणं आणि मग वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थकडे पाठवणं, हेपवर्थने स्टुडिओतले सगळे विभाग उघडे करणं, आणि पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेणं, हे सगळं झालं. महिनाभरात हे जमलं याचं श्रेय हेपवर्थच्या औदार्याला दिलं जातं, ते योग्यच. पण नवशिक्या माणसाला एका स्टुडिओच्या फेरीत एवढं उमगत नाही. वॉल्टनला गेलेल्या माणसाला काय विचारायचं ते ठाऊक होतं.

आता उरला शेवटचा पुरावा, फाळक्यांचे पट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, ती १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, यावर वाद आहे. आपल्या कामापुरता तो वाद बाजूला ठेवता येतो. कॅमेरा समोर स्थिर, माणसं डोक्यापासून पायापर्यंत, प्रसंगामागून प्रसंग चित्राच्या चौकटीसारखा मांडलेला: ही पाथेच्या ख्रिस्तचरित्राची मांडणी आहे. विश्वामित्राच्या यज्ञकुंडातून निघणाऱ्या शक्ती, ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं धडावेगळं होऊन वर जाणारं मस्तक, हे फ्रेंच जादुई पटांकडून आलेलं हस्तकौशल्य. फाळक्यांनी पाहिलेल्या पटांची यादी नसली तरी त्यातलं काय डोळ्यांत राहिलं याची ही यादी आहे. आणि काय राहिलं नाही, याचीही. ‘फूल्सहेड’सारखी धावपळ, पाठलाग, रस्त्यावरचा गोंधळ फाळक्यांच्या उरलेल्या पटांत फारसा नाही. वर्षभर तो विदूषक त्यांच्यासमोर नाचत राहिला असणार, पण त्यांनी त्याच्याकडून काही उचललं नाही.

एक तुकडा वेगळा आहे. १९१७ च्या सुमाराचा ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्यात फाळके स्वतः दिसतात: नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून तपासताना. ज्या वर्षी ‘नवयुग’मध्ये त्यांनी आपण पट कसे बघितले ते लिहिलं, त्याच सुमारास त्यांनी प्रेक्षकांना पट कसा बनतो ते दाखवलं. तेव्हाच्या जादूगाराने असलं काही केलं असतं तर धंद्यातल्या मंडळींनी त्याला वाळीत टाकलं असतं.

पुढचं काम कुणी हाती घेणार असेल, तर ते आता वाचनालयात बसून करायचं आहे. डिसेंबर १९१० ते जानेवारी १९१२ या काळातल्या मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या सिनेमाच्या जाहिराती आठवड्यागणिक, थिएटरागणिक उतरवून काढायच्या. फाळक्यांनी काय पाहिलं हे त्यातून कळणार नाही, पण काय पाहिलं असू शकतं याची हद्द आखली जाईल, आणि अमेरिका-इंडियामध्ये २४ डिसेंबरच्या शनिवारी नेमकं काय लागलं होतं तेही तपासता येईल.